काठाखालची फळी

नावेला पहिला हात द्यायचा तो उन्हं उतरायला लागल्यावरच, हा ताईचा नेम होता. सकाळी लाकूड तापत जातं, त्याच्या आतली हवा फुगते आणि वर चढवलेल्या ओल्या इपॉक्सीतून, त्या चिकट रसायनातून, बुडबुडे काढत वर येते. उन्हं कलली की तेच लाकूड निवायला लागतं आणि लावलेलं आत ओढून घेतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बाबांनी जन्मभर नावा बांधल्या, पण त्यांच्या उमेदीच्या काळात नावेला रंग लावायचे. ही काचेसारखी पारदर्शक इपॉक्सी नंतर आली. सुरुवातीच्या नावांवर गोवर उठल्यासारखे फोड आणून, ते घासून काढून ताई आपली आपण शिकली. पुढे लोक तिच्या हाताची चौकशी करत यायला लागले. आता तिला त्या चौकशांचाही कंटाळा आला होता.

त्या दिवशी दुपारभर ती शेडमध्ये स्टुलावर बसून ऊन सरकायची वाट बघत होती. डोळे चुरचुरत होते. गेले कितीतरी महिने मनगटांवर लाल चट्टे उठत होते, खाजत होते, फुटत होते. आताशा पापण्याही सुजायच्या. उकाड्यातसुद्धा ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालायची. धाकट्या बहिणीनं विचारलं की म्हणायची, "साबण बदललाय." धाकटीनं एकदा म्हटलं होतं, "तुझ्या साबणाचं नाव सांग, म्हणजे मी चुकूनही घेणार नाही." तेवढ्यावर ते हसण्यावारी गेलं. साबण नव्हे हे ताईला ठाऊक होतं. इपॉक्सीच्या डब्यावर तसं छापलेलंच असतं. पण डब्यावर काय काय छापलेलं असतं, सगळं मनावर घेतलं तर माणूस डबा उघडणारच नाही.

समोर लाकडी घोडीवर उपडी ठेवलेली नाव बाबांची होती. त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेली शेवटची. ती पुरी होता होता त्यांचे डोळे गेले. अगदी अंधार नव्हे. कडेचं दिसायचं, मधलं दिसायचं नाही. त्यामुळे कुणाशी बोलायचं तर ते मान तिरकी करून कोंबडीसारखं बघायचे. धाकटी म्हणायची, "बाबा, आम्ही इकडे आहोत." ते म्हणायचे, "माहीत आहे. म्हणूनच तिकडे बघतोय."

नाव मात्र तशीच राहिली. कापडात गुंडाळून शेडच्या तुळयांना टांगलेली. वर्षामागून वर्षं गेली. मग एक दिवस बेकरीवाली बाई आली. तिला छोटी, एकटीला वल्हवता येईल अशी नाव हवी होती. पहाटेपासून भट्टीसमोर उभं राहायचं, दुपारी दुकान नोकरांवर सोपवायचं आणि तळ्यात जाऊन बसायचं, असं तिचं ठरलं होतं. वर बघून ती म्हणाली, "ती काय आहे?" खाली उतरवून दाखवली तशी तिनं तळहातानं फळ्या चाचपल्या, पाव भाजलाय का बघावं तशा.

"हीच द्या," ती म्हणाली. "पण रंग नको. दिवसभर मी पांढरं पीठ बघते. मला लाकूड बघायचंय."

बाबा त्या वेळी जवळच बसले होते. ते काही बोलले नाहीत. ताईला वाटलं, त्यांना गहिवरून आलं असेल.

ऊन खिडकीखाली गेलं. ताईनं हातमोजे चढवले, मास्क लावला, इपॉक्सीचे दोन भाग, रेझिन आणि हार्डनर, मापून एकत्र केले आणि काठीनं सावकाश ढवळले. एरवी ती त्याआधी ओल्या फडक्यानं सगळी नाव एकदा पुसून घ्यायची. ओल्या लाकडावर उद्या काय दिसणार ते आजच दिसतं. कुठं ओरखडा राहिलाय, कुठं डिंकाचा डाग आहे. पण त्या दिवशी डोळ्यांतून पाणी येत होतं. कधी एकदा हे आटोपतंय असं तिला झालं होतं. कोरड्या फडक्यानं धूळ झटकली आणि तिनं रोलर उचलला.

लाकडाचा रंग वर आला. हा एक क्षण तिला अजून आवडायचा, थकलेली असली तरी. फिकट, धुळकट फळी ओली होताच मधासारखी होते, रेषा उमटतात, गाठी डोळे उघडतात. बाबा कोपऱ्यातून म्हणाले, "कसा येतोय?"

"छान येतोय."

एक बाजू संपली. दुसऱ्या बाजूला ती काठाजवळ आली आणि रोलरमागून फळीवर काळपट पट्टा उमटत गेला. आधी तिला वाटलं आपल्याच डोळ्यांची झापड. बाहीनं डोळे पुसून तिनं पुन्हा पाहिलं. काठाखालची फळी खालच्या फळीला नीट भिडलीच नव्हती. कुठं बोटाएवढी, कुठं नखाएवढी फट होती आणि ती भुसा आणि सरस कालवून भरली होती. एका जागी फळीच कमी पडली होती, तिथं वेगळ्या झाडाचा तुकडा बसवला होता, तोही वाकडा. वर्षानुवर्षांची धूळ बसून सगळं एकाच रंगाचं झालं होतं. आता ओलं झाल्यावर ती भर चहाच्या चोथ्यासारखी काळी दिसत होती.

मध्येच थांबलं तर थराला कडा पडते. म्हणून ती थांबली नाही. पुढे लावत गेली.

"काठापर्यंत आलीस का?" बाबांनी विचारलं.

"आले."

बाबा मान तिरकी करून तिच्याकडे, म्हणजे दाराकडे, बराच वेळ बघत राहिले. मग काठी टेकत उठले आणि वर घरी गेले.

धाकटी कुलूप लावायला आली. ती शेडच्या पुढच्या खोलीत बसायची. फोन, गिऱ्हाइकं, लाकूडवाल्याशी भांडणं हा तिचा प्रांत. इपॉक्सीच्या वासानं डोकं दुखतं म्हणून ती शेडमध्ये पाऊल टाकायची नाही. ताईनं तिला दारातूनच फळी दाखवली.

"अगं बाई," धाकटी हळू म्हणाली. "हे बाबांनी केलंय?"

"दिसत नव्हतं तेव्हा त्यांना."

"मग सांगायचं ना तेव्हा."

"तू सांगितलं असतंस?"

धाकटीनं फळीकडे पुन्हा वाकून पाहिलं. मग म्हणाली, "एवढी वरची फळी रंगवून टाकू. कित्येक नावांना असते तशी. शोभा म्हणून चालून जाईल."

"बाईला लाकूड हवंय. आणि बाबांना काय सांगायचं? का रंगवली म्हणून?"

"सांगायचंच कशाला? त्यांना कुठं दिसणारे?"

बोलून गेल्यावर धाकटीलाच कसंतरी झालं. तिनं दिवा मालवला. दोघी बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला जाग आली, पण डोळे उघडेनात. पापण्या भाकरीसारख्या फुगल्या होत्या. चाचपडत तिनं भिंत धरली. बाबा चहा करत होते. चहा ते हाताच्या अंदाजानं करायचे, त्यासाठी त्यांना डोळे लागायचे नाहीत.

"बाबा, धाकटीला फोन करा."

"काय झालं?"

"मला दिसत नाहीये."

कप खाली ठेवल्याचा आवाज आला. बाबा जवळ आले, तिच्या तोंडावरून त्यांनी बोटं फिरवली, ती सुजेवर जरा थांबली, मग मनगटांवर आली. चट्ट्यांची खरबरीत कातडी त्यांच्या अंगठ्याखाली आली तशी तिनं हात मागे घ्यायचा प्रयत्न केला. त्यांनी सोडला नाही.

"आरशाला फसवता येतं," ते म्हणाले. "मला हात लावू द्यायला नको होतंस."

कातडीच्या डॉक्टरीण बाईंनी फार वेळ घेतला नाही. त्यांनी तिचे हात उजेडात धरून पाहिले, काम काय करता विचारलं आणि पेन खाली ठेवलं.

"हे आता बंद."

"हातमोजे जाड घेते," ताई म्हणाली. "मास्कही चांगला घेते."

"तसं नसतं. तुमच्या अंगानं त्या रसायनाशी वैर धरलंय. आता नुसत्या वाफेनंही होईल आणि दर वेळी जास्त होईल. ओल्या इपॉक्सीच्या खोलीतसुद्धा जायचं नाही."

"किती दिवस?"

"दिवस नाही. आता कधीच नाही."

धाकटी शेजारी ताठ बसून होती. परतताना गाडीत ती एकदम म्हणाली, "साबण म्हणे!" आणि रडायला लागली. ताईला रडू आलं नाही. तिच्या छातीवरून काहीतरी उतरत होतं आणि ते काय आहे हे ओळखून तिला लाज वाटत होती. तिला बरं वाटत होतं. कुणीतरी बाहेरच्या माणसानं सांगितलं होतं, की पुरे. स्वतःला तसं सांगायची तिची छाती झाली नसती.

पण घोडीवर नाव होती. एकच हात लावलेली. अजून निदान दोन हात, मग घासणं, मग उन्हापासून वाचवायला वॉर्निश. उघडी इपॉक्सी उन्हात पिवळी पडते. दुसऱ्या कुणाला बोलवायचं तर माहितीतला माणूस दूरच्या कामावर गेलेला. शेवटी बाबांनीच जेवताना विषय काढला.

"धाकटी करेल."

"मी?" धाकटी म्हणाली. "मला नखांना रंग लावता येत नाही धड."

"ताई सांगेल. तू कर. घासायचं मी करतो."

"तुम्ही?"

"घासायला डोळे कशाला लागतात?"

तसं ठरलं. ताई शेडच्या बाहेर, अंगणात, बंद खिडकीच्या काचेपलीकडे खुर्ची टाकून बसली. डोळ्यांवर औषध, हातांना मलम. आत धाकटी हातमोजे घालून, मास्क लावून उभी राहिली, आणि दोघी काचेतून एकमेकींवर ओरडायला लागल्या.

आधी नाव धुवायची होती. इपॉक्सी सुकताना तिच्यावर मेणचट थर धरतो. तो पाण्यानं चोळून काढला नाही तर वरचा हात धरत नाही. धाकटीनं ते केलं. मग बाबांनी पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळला आणि एका टोकापासून सुरुवात केली. थोडं घासायचं, तळवा फिरवायचा, पुन्हा घासायचं. ते नावेकडे बघत नव्हते. त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. काठाखालच्या फळीशी ते आले तेव्हा ताईनं मान वळवली. मग पुन्हा पाहिलं. त्यांचा तळवा त्या काळ्या पट्ट्यावरून सावकाश जात होता. भर आणि लाकूड यांत बोटाला फरक लागत नव्हता, इतका हात गुळगुळीत बसला होता. तरी तुकडा जिथं बसवला होता नेमक्या तिथं ते थांबले.

घासून झाल्यावर हात धुऊन ते बाहेर आले, ताईशेजारच्या बाकावर बसले.

"दिसतंय ना ते?" त्यांनी विचारलं.

ताई मनगटावरचं मलम चोळत राहिली.

"काळं पडलं असेल. भुशाची भर ओली झाली की काळी पडते."

"पडलंय थोडं."

"थोडं नसणार." त्यांनी गुडघे चोळले. "फळी कापताना रेघ दोन दिसायच्या. मी त्यांतली एक धरायचो. कधी ही, कधी ती. लावून बघितली तर फट. दुसरी कापली तर तीही आखूड. लाकूड संपलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हातातून करवत काढून घेतली असती."

"काढून घेतलीच असती."

"म्हणून भरली. म्हटलं, वरून रंग चढेल. झाकली मूठ." ते थोडं हसले. "मग तुझी ही काच निघाली."

"बाई आली तेव्हा बोलायचं होतंत."

"बोलणार होतो. रोज सकाळी बोलणार होतो." मग मान तिरकी करून त्यांनी तिला नजरेच्या कडेत पकडलं. "तू काय रोज सकाळी ठरवत होतीस?"

ताईनं बाही खाली ओढली. आतून धाकटी काच ठोकत होती. डब्यातून धूर येत होता.

तिनं इपॉक्सी कालवली होती आणि मास्कची दोरी बांधत बसली होती. डब्यात नुसती ठेवली की ती आपल्याच उष्णतेनं तापत जाते. "बाहेर ठेव डबा! मोकळ्यावर!" ताई ओरडली आणि सवयीनं दाराकडे धावली. बाबांनी तिच्या बाहीला धरून तिला मागे ओढलं. धाकटीनं चिमट्यानं डबा उचलला, मागच्या दारानं परसाच्या टोकाला नेऊन वाळूत ठेवला. धूर काढत, तडकत तो तिथंच दगड झाला.

"नाचता येईना अंगण वाकडं म्हणू नकोस," परत येताना धाकटी म्हणाली. "पण डबा खरंच वाईट होता."

दुसऱ्यांदा तिनं कालवल्याबरोबर पसरट ट्रेमध्ये ओतली. ताई काचेतून सांगत राहिली. "रोलर कोरडा होऊ देऊ नको. आता ब्रश, नुसता टेकव, दाबू नको. मागे बघू नको. झालं ते झालं, पुढे चल." धाकटीला मागे बघायची खोड होती. जिथं जिथं ती परत गेली तिथं तिथं नंतर ओघळ आला. बाहेर बसून ते बघणं ताईला लावण्यापेक्षा जड गेलं. तिचे हात मांडीवर आपोआप हलत होते.

संध्याकाळी धाकटी बाहेर आली ती पायरीवर बसूनच राहिली. खांदे गळालेले, केसांत इपॉक्सीची एक बट कडक झालेली.

"तू हे इतकी वर्षं करत होतीस?"

"हो."

"आणि मी आत फोनवर बसून तुला सांगायचे, लवकर आवर म्हणून."

"सांगायचीस."

"सॉरी वगैरे म्हणणार नाही मी आत्ता. फार दमलेय."

"नको म्हणूस," ताई म्हणाली. "कात्री आणते. ती बट कापावी लागेल."

वॉर्निशचा शेवटचा हात पक्का सुकला तेव्हा त्यांनी बेकरीवालीला बोलावलं. ती दुपारी आली, बाह्यांना पीठ तसंच. नाव सरळ करून ठेवली होती. ताई आता शेडमध्ये जाऊ शकत होती, दारं उघडी होती. बाबा, धाकटी, ताई तिघं एका रांगेत उभी राहिली, जणू परीक्षेचा निकाल आहे.

बाईनं एक फेरी मारली. त्या बाजूला येऊन ती थांबली.

"हे काय?"

ताईनं तोंड उघडलं, पण बाबा आधी बोलले. "ती माझी चूक आहे. मला नीट दिसत नव्हतं तेव्हा बसवलेली फळी आहे ती. फटी बुजवल्यात."

"पाणी येईल?"

"नाही. त्याची खात्री देतो. मजबुतीला काही नाही, फक्त दिसायला आहे."

बाई वाकून बघत राहिली. ताईच्या मनात आलं, आता ही म्हणेल, असू दे, ही नावेची खूण आहे, माणसाच्या हाताची खूण आहे. तिनं स्वतःच तसं म्हणायची तयारी केली होती. आदल्या रात्री जेवताना शब्दही जुळवले होते.

"मला नाही आवडलं," बाई म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नका. मी थकून तळ्यावर जाणार, आणि दर वेळी माझी नजर इथंच येणार. फसलेला पाव मी दुकानात मांडत नाही. एवढी फळी रंगवून मिळेल?"

"मिळेल," धाकटी पटकन म्हणाली.

ताईनं बाबांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं. "हिरवा चांगला दिसेल," ते म्हणाले. "गडद. खालच्या लाकडाला उठाव येतो."

"हिरवा चालेल," बाई म्हणाली. मग मधल्या भागाशी जाऊन तिनं ओघळांवरून बोट फिरवलं. "आणि हे?"

"ती माझी चूक," धाकटी म्हणाली. "तेही रंगवायचं का?"

बाई हसली. "ते राहू दे. ते वल्ह्याखाली येतं."

ती गेल्यावर ताईनं बाबांना विचारलं, "लागलं का तुम्हाला?"

"कशाला? नाव तिची आहे," बाबा म्हणाले. थोडं चालल्यावर म्हणाले, "लागलं. पण बुजवलेलं काय आहे ते मी सांगितलं ना. पुढे तिनं काय करायचं ते तिनं ठरवावं."

हिरवा रंग ताईनंच लावला. साधा रंग तिला चालत होता. डॉक्टरीण बाईंना फोन करून धाकटीनं तीनदा विचारून घेतलं होतं. बाबांनी फळीच्या खालच्या कडेला चिकटपट्टी लावली, बोटांनी चाचपत, एका सरळ रेषेत. ताईनं त्या पट्टीवरून रंग ओढत नेला. काळा पट्टा एका हातात गेला. दुसऱ्या हाताला तिला आठवावं लागलं की तुकडा नेमका कुठं होता.

नाव गाडीवर चढवून बाई घेऊन गेली. त्यानंतर ताई पुढच्या खोलीत बसायला लागली. चट्टे सुकले, पापण्या उतरल्या. फोनवर तिला बोलता यायचं नाही. ती लोकांना खरंच किती दिवस लागतील ते सांगायची आणि लोक फोन ठेवायचे. दुपारी टेबलावर डोकं ठेवून ती झोपायची. इतकी झोप तिच्या अंगात कुठं साठली होती कोण जाणे. धाकटी शेडमधून येऊन तिला न उठवता स्वतःच फोन घ्यायची, हातमोज्यांची बोटं दातांत धरून.

एकदा फोन वाजला तेव्हा ताई जागी होती. पलीकडच्या माणसानं विचारलं, तुमच्याकडे ती आरपार लाकूड दिसणारी नाव करून मिळते असं ऐकलं, खरं का?

ताईनं बंद दाराच्या काचेतून आत पाहिलं. एका जुन्या होडीला वाकून धाकटी पॉलिश पेपर मारत होती आणि बाबा तिच्या मागून तळवा फिरवत, "इथं राहिलंय, इथं राहिलंय" म्हणत होते.

"मिळते," ती म्हणाली. "पण आता बहीण करते. तिचा हात बसतोय अजून. घाई असेल तर दुसरीकडे बघा."

माणूस म्हणाला, घाई नाही. ताईनं त्याला येत्या आठवड्यात यायला सांगितलं, फोन ठेवला आणि पुन्हा डोकं टेबलावर टेकलं.